पायरिडॉक्सिन आणि करी रोडची फायनल

३ नोव्हेंबर
ठरलं. यंदा करी रोडची कॅरम डबल्स जिंकायचीच. दौलतदादा आणि मी बावीस वर्षं जोडीने खेळतोय, एकदाही कप नाही. दादा अडुसष्टचा. मार्चमध्ये कायमचा मुलाकडे नाशिकला चाललाय. म्हणजे ही शेवटचीच. गेल्या वर्षी सेमीफायनलला माझं बोट थरथरलं होतं. कारण सापडलं: नसा कमकुवत. एका व्हिडिओत सांगितलं, व्हिटॅमिन बी-सिक्स घ्या. आजपासून रोज एक कॅप्सूल.

१० नोव्हेंबर
फरक जाणवतोय. एका कॅप्सूलने एवढा, तर तीन कॅप्सूलनी किती! तीन केल्या. हे व्हिटॅमिन पाण्यात विरघळतं, जास्त झालं तर लघवीवाटे जातं. नुकसान शून्य. आमची ही, कालिंदी, म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांना कॅरम येत नाही.

२ डिसेंबर
नसांसाठी वेगळी गोळी मिळाली, पायरिडॉक्सिनवाली. शिवाय सकाळी पाण्यात फसफसणारी एनर्जीची टिकली. कालिंदीने तिन्ही डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली. म्हणाली, अहो, हे सगळं एकच आहे, बी-सिक्सलाच पायरिडॉक्सिन म्हणतात. ही बायको पोस्टात नोकरीला, केमिस्टकडे नाही.

११ जानेवारी
बोटांच्या टोकांना मुंग्या. पावलांनाही. उत्तम. नसा जाग्या होतायत. क्वार्टर फायनल जिंकलो. नऊपैकी आठ सोंगट्या दादाने घेतल्या, पण धीर माझा होता.

२६ जानेवारी, सकाळ
चहाचा पेला धरून पेपर वाचत होतो. कालिंदीने एकदम पेला ओढून घेतला. बोटं लालभडक झालेली. मला गरम लागलंच नव्हतं. सहनशक्ती वाढलीय, असं सांगितलं. तिने माझी बोटं नळाखाली धरली. शर्टाची बटणंही हल्ली तीच लावते. नवीन शर्ट, काजं घट्ट आहेत.
मुंग्या गेल्या, आता नुसतं जड वाटतं. नसांची गोळी एकाऐवजी दोन.

८ फेब्रुवारी
सेमीफायनल कशीबशी काढली. चाळीच्या जिन्यात पाय कुठे पडला कळलं नाही, तीन पायऱ्या घसरलो. घरी सांगितलं नाही.
सरावाला दादाने डोळे मिटायला लावले. विचारलं, बोटावर काय ठेवलंय, स्ट्रायकर की सोंगटी? मी म्हणालो, स्ट्रायकर.
काहीच ठेवलेलं नव्हतं.
दादा म्हणाला, "हेमू, नाव मागे घेऊया. कप गेला खड्ड्यात."
मी ऐकलं नाही. फायनल झाल्यावर डॉक्टर, असा शब्द दिला.

२२ फेब्रुवारी
फायनल. तेवीस-तेवीस. शेवटचा बोर्ड. आमची एकच पांढरी उरली, तीही पॉकेटच्या तोंडाशी. फुंकलं असतं तरी गेली असती. समोर दादा. त्याने फक्त मानेने खुणावलं, हळू मार.
हळूच मारलं. मला तसं वाटलं. सोंगटी गेली, मागोमाग स्ट्रायकरही गेला. ड्यू, म्हणजे दंड. पांढरी परत बोर्डावर आली आणि समोरच्यांनी दोन पाळ्यांत बोर्ड संपवला.
पावडर ओली होती, असं मी सगळ्यांना सांगत होतो. दादाने बोर्डावरची पावडर बोटाने उचलून बघितली. कोरडी होती.

२५ फेब्रुवारी
डॉक्टर. मी एकच डबी सांगितली. कालिंदीने पिशवीतून बाकीच्या काढून टेबलावर मांडल्या. डॉक्टरांनी लेबलं वाचून बेरीज केली. रोजचे चारशेच्या वर मिलिग्रॅम.
"रोज दोन मिलिग्रॅमही पुरतं," ते म्हणाले. "नसा यानेच बिघडल्यात."
उपाय काय, तर सगळं बंद. भरून यायला काही महिने लागतील. पूर्ण येईल का? बघू, म्हणाले. भरून येण्यासाठी कुठलं व्हिटॅमिन घेऊ, असं मी विचारलं. कालिंदी उठून बाहेर जाऊन बसली.

२ मार्च, रविवार
दादा निघाला. गाडीत सामान चढवून झालं. मी पावडरचा विषय काढला, मग सोडला. म्हणालो, दादा, माझ्यामुळे गेला कप. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच म्हणालो असेन.
"खेळलो ना रे जोडीने," तो म्हणाला. मग त्याने हातात हात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.
दाबला असावा. मला कळलं नाही.