जमिनीत न गेलेली तार

सर, सोमवारी आमच्याकडे कॉलेजातून नवीन मुलं आली, तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी, सोलरचं काम शिकायला. पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे असतं आणि दरवर्षी मी तुमचंच सांगत असते, की पॅनल कोणीही बसवेल, तुम्ही मोजायला शिका आणि मोजल्याशिवाय सही करू नका. यंदा एका मुलीनं विचारलं, मॅडम, हे तुम्हाला कोणी शिकवलं? आमच्या सरांनी, एवढंच मी म्हटलं. मुलं वाट पाहत राहिली, मग मी चहा मागवला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्यावर रागवायचं माझं राहून गेलंय, ते आज लिहून टाकते.

मी कॉलेजात असताना, मला तुमच्या सोलर प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात पाठवा म्हणून सांगायला, सावनेरच्या आमच्या क्वार्टरमध्ये तुम्ही एका रविवारी स्कूटरवर आला होतात. आई पाटोडीच्या रश्श्यासाठी वाटण करत होती आणि बसायला दुसरी खोली नव्हती म्हणून तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकलीत. बाबा कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन. त्यांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, हे घर कोयशावर चालते. अन् तुम्ही म्हनता, पोरीले कोयसा बंद करायचं काम शिकवतो." तुम्ही हसला नाहीत. तिच्या वेळेपर्यंत काम बदललेलं असेल, तेव्हा ती मागे राहायला नको, असं काहीतरी तुम्ही समजावून सांगितलंत. मग खरी अडचण निघाली. मुलीला लोकांच्या छपरांवर चढावं लागेल, सगळी पुरुष माणसं असतील. तुम्ही म्हणालात, "माझ्या भरवशावर पाठवा. तिची जबाबदारी माझी." बाबांनी फॉर्मवर सही केली. ते सहसा कशावर पटकन सही करत नाहीत.

तो कार्यक्रम तुम्ही एकट्यानं उभा केला होता, हे मी कधीच नाकारणार नाही. कळमेश्वरच्या सोलर कंपनीच्या गेटवर तुम्ही किती चकरा मारल्या, किती वेळा वॉचमनच्या केबिनमध्ये बसून राहिलात, ते आम्हाला नंतर त्या वॉचमननंच सांगितलं. शेवटी कंपनीनं आम्हा बारा जणांना शिकायला घ्यायचं कबूल केलं, चांगली निघतील त्यांना पुढे नोकरी. बारांत मुलगी मी एकटी. कंपनीकडे माझ्या मापाचे सेफ्टी बूट नव्हते, तर तुम्ही सीताबर्डीच्या बाजारात फिरून ते आणलेत आणि लॅबमध्ये माझ्या टेबलावर ठेवून गेलात. त्या दिवशी मला वाटलं होतं, या माणसाचा शब्द मी आयुष्यात खाली पडू देणार नाही.

कंपनीतला दुसरा महिना. सावनेरकडच्या एका गावात मुलींचं वसतिगृह आहे, त्याच्या गच्चीवर पॅनल बसून झालेत, फक्त तपासणीचा कागद भरायचा बाकी आहे. मुली पॅनलच्या लोखंडी सांगाड्यावर ओढण्या वाळत घालतायत. मी मीटर घेऊन खाली अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाते. काही बिघाड झालाच तर वीज माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून हा खड्डा. झाकण आहे, भोवती सिमेंटही केलंय. झाकण उचलून तार जरा ओढते आणि ती सरळ हातात येते. वीतभर तार, कापलेलं टोक स्वच्छ. खाली पाइप नाही, मीठ-कोळसा नाही, नुसती माती. सुपरवायझर म्हणाले, बाकीच्या साइटसारखे आकडे टाक अन् चल, गाडी थांबून राहिली. मी आकडे टाकले नाहीत. जे पाहिलं ते एका पानावर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आणलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत. म्हणालात, बरं केलं माझ्याकडे आलीस, आता कोणाशी बोलू नको, मी पाहतो. त्या रात्री मी निवांत झोपले.

तिसऱ्या दिवशी ते पान सुपरवायझरच्या हातात होतं. झेरॉक्स नाही, माझंच पान, माझ्या अक्षरातलं. माझा गेटपास काढून घेतला. आठवड्याभरात कंपनीचे मॅनेजर कॉलेजात आले आणि लॅबमध्ये, त्या अकरा जणांसमोर, तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "हिला मीटर धरता येत नाही. माती कोरडी असली की आकडा चुकतो, एवढंही हिला समजलं नाही." सर, मी मीटर लावलाच नव्हता. लावायला होतं काय? तार माझ्या हातात आली होती आणि हे तुम्ही दोनदा वाचलं होतं.

मी तुमच्या मागे व्हरांड्यात धावत आले. मला एवढंच विचारता आलं, "सर, काहून?" तुम्ही स्कूटरची किल्ली शोधत होतात. ती खिशातच होती. म्हणालात, "बाकीच्या अकरा पोरांचं मी काय करू, सांग. ही कंपनी तुटली तर सगळंच बंद होईल. तू हुशार आहेस, तुला कुठेही मिळेल." हुशार आहेस हे तुम्ही मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

बाबांना सांगताना मला वाटलं, ते तुम्हाला शिव्या देतील. त्यांनी फक्त विचारलं, तार आताही तशीच हाय का? मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं त्या गावी गेलो. सोबत जीआयचा लोखंडी पाइप, कोळशाचं पोतं, मीठ आणि खाणीतल्या मित्राकडून मागून आणलेला अर्थिंग मोजायचा टेस्टर. वॉर्डनबाई मला ओळखत होत्या, त्यांनी अडवलं नाही. बाबा खणत होते, मी कोळसा आणि मिठाचे थर देत होते, मुली बादल्यांनी पाणी आणून ओतत होत्या. एकीनं विचारलं, काका, तुम्ही सोलर कंपनीचे का? बाबा म्हणाले, "नाही वं माय, मी खाणीतला. पन करंट माणूस पाहून लागत नाही." मग मी मोजलं. आकडा बरोबर आला. तो कुठे लिहायचा हे मला कळेना, कारण कंपनीच्या कागदावर सगळं आधीच बरोबर होतं. परतताना एसटीत बाबांनी टेस्टर मांडीवर घेतला. मग बाहेर बघत म्हणाले, "तुह्या सरले मी इश्वासानं पोरगी देल्ली होती." पुन्हा त्यांनी तुमचा विषय काढला नाही.

तुमचा कार्यक्रम चालू राहिला. ते अकरा जण नोकरीला लागले, पुढच्या वर्षीचेही लागले. तुमच्या शोकसभेला हुडकेश्वरच्या त्या छोट्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मी दाराजवळ होते. एक एक जण उठून सांगत होता, सरांनी माझं आयुष्य उभं केलं, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हेच मला गिळता येत नाही, सर. तुम्ही वाईट माणूस असता तर मी केव्हाच विसरले असते. तुम्ही त्यांचं भलं केलंत ते माझ्या नावाला डाग लावून, मला न विचारता. विचारलं असतं, तर कदाचित मी स्वतःच बाजूला झाले असते. पण त्या गच्चीवरच्या मुलींना कोण विचारणार होतं?

आणखी एक गोष्ट आहे. त्या प्रसंगानंतर चार महिन्यांनी घरी एक पाकीट आलं. कॉलेजच्या लेटरहेडवर तुमच्या हातचं शिफारसपत्र. "मोजमापात अत्यंत काटेकोर. जे दिसते तेच लिहिते." सोबत चिठ्ठी नाही, माफीचा शब्द नाही. मी ते फाडायला हातात धरलं. कंपनीला ऐकू येणार नाही एवढ्या लांबून तुम्ही खरं बोलला होतात.

फाडलं नाही. इंटरव्ह्यूला घेऊन गेले. समोरच्या साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, या सरांना चांगलं ओळखता का? मी म्हटलं, हो, फार सरळ माणूस. नोकरी मिळाली. अजून तिथेच आहे.

बाबांना वाटतं, ती मी माझ्या जोरावर मिळवली. त्या पत्राचं मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.