घरातली उदबत्ती

प्रिय श्रीकांत,

तुला जाऊन तीन महिने झाले. आज लिहायला बसले, कारण आज मी खोटं बोलले. तेही तुझ्या त्या लाडक्या नेहाशी!

ती मला आवडत नाही, हे तुला माहीत होतंच. तुझी विद्यार्थिनी, आणि गप्पा कसल्या, तर अणुभट्टीतली उष्णता वाहून नेणाऱ्या हेलियमच्या! ज्या देशात एकही अणुभट्टी नाही, तिथे ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या आपल्या गराजमध्ये तुम्ही दोघं काचेच्या पेटीपुढे तासन्‌तास बसायचात. गरम वायूचे झोत खाली येऊन एकमेकांत मिसळतात की नाही, ते उदबत्तीच्या धुरावर बघत. मी चहा घेऊन आले की गप्प! "तुला बोअर होईल गं," म्हणायचास. कधी विचारलंस का, होतं का ते?

मला सगळं ऐकू यायचं. झोत नीट मिसळले नाहीत, तर पुढच्या पाइपाला एकाच जागी चटका बसतो. मलाही बसायचा.

तुझ्या पेपरात तिचे आभार, विभागाचे आभार. गराजच्या हीटरचे तेवढे राहिले, आणि माझे. जळले रे मी. अजून जळतेय.

पेटी आता तिच्याकडे आहे. आज दारात उभी राहिली, रडवेली.

"काकू, सरांचा धूर दोऱ्यासारखा सरळ यायचा. माझा खूप वेळा तुटतो, सगळी रीडिंग्ज चुकतायत. वहीत सरांनी नुसतं 'घरातली उदबत्ती' लिहिलंय. कुठली हो ती?"

"सँडरिंगहॅमच्या इंडियन दुकानातली. कुठलीही चालते," मी म्हटलं.

कुठलीही कशी चालेल? ऑकलंडच्या दमट हवेत उदबत्ती सादळते. म्हणून प्रत्येक पुडा मी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, तुझ्या बनियनांशेजारी, दोन दिवस वाळवायचे. आधी देवासाठी, मग तुझ्यासाठी. तुला पत्ताच नव्हता. वर बनियनांना चंदनाचा वास येतो म्हणून कुरकुरायचास!

ती गेल्यावर वाटलं, जिंकले. मग कपाट उघडलं. तुझे बनियन तिथेच होते, आणि शेवटचा पुडा, खडखडीत वाळलेला. इतक्या वर्षांचं तुझं काम अडलंय, आणि मी भांडतेय कोणाशी?

उद्या तिला फोन करते. कपाट दाखवते, पुडाही देते. पण सांगून ठेवते, पेटीत पहिली उदबत्ती मी लावणार, आणि पुढ्यात तुझ्या जागी मीच बसणार. बोअर झालं तर उठेन.

तुझीच,
माधवी