तिसऱ्या हाकेला ओ

सोमवार, श्रावण १९९७. दिवेलागण.

अवसरीहून लग्न होऊन या भीमाशंकरच्या डोंगरात आले तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, धुक्यात हाक आली तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. डोंगरातली सावली दोनदाच हाक मारते.

काल दुपारी आम्ही दोघी म्हशी वळवायला गेलो होतो. ओढ्यापलीकडे धुक्यात एक उंच काळी आकृती हात हलवत होती. दोन हाका आल्या. आवाज शेजारच्या धोंडूभाऊंचा वाटला. वाटला ना मला? मग ओ का नाही दिली? सासूबाईंनी माझा हात दाबला, एवढंच. आम्ही वाट पाहिली. तिसरी हाक आलीच नाही.

आज धोंडूभाऊंना बघायला गेलो. दरडीवरून पडून दोन्ही पाय मोडलेत. म्हणाले, "वाट चुकलो व्हतो. पलीकडं दोन काळ्या सावल्या दिसल्या. दोन हाका मारल्या, पण त्या ओ देईनात. लई भ्यालो. उलटा पळालो आन् गेलो खाली."

सासूबाईंनी पुन्हा माझा हात दाबला.

"वैनी, काय असंल हो ते?"

ही त्यांची तिसरी हाक. तरी माझ्या तोंडून ओ निघाली नाही.