न वाजणारा खोका

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मुलुंडहून विजूचा फोन. नेहमीचं "काय गं ताई, चहा झाला का" नाही. थेट म्हणाला, "आबांचं जहाज मला दे. बांधतो."

त्याच्या उजव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत हे माहीत होतं. आता डाव्यातही मधोमध धूसर दिसायला लागलंय. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही. "बारीक काम अजून जमतंय, ताई. पुढच्या दिवाळीचं नाही सांगता येत."

मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबले असते तर बरं होतं. सील न फोडलेलं इतकं जुनं किट आता मिळत नाही, एकदा फोडलं की संपलं, आईने जपलं, मी जपलं... कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर ज्या आवाजात समजावायच्या तोच आवाज. साठी उलटलेला माझा भाऊ निमूट ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं."

त्या "बरं"ची दिवसभर टोचणी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तरीही आज फॅमिली ग्रुपवर जुन्या किट्सबद्दलचा लेख टाकलाच. खोका उघडला की मोल गेलं, वगैरे. भाचरांनी टाळ्या वाजवल्या. विजूचा नुसता अंगठा.

पेपराआडून अरुण, नवऱ्याच्या हक्काने : "अगं, खेळू दे की त्याला. आपण काय म्युझियम काढलंय?"

"खेळणं नाहीये ते."

"मग काय आहे?"

टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा मी काढू देत नाही, हे त्याने ऐकवलंच.

खरं तर खेळणंच. आबा गोदीत होते. एका परदेशी बोटीवरच्या इंजिनियरने जाताना त्यांना दिलेलं. तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, सगळे भाग प्लास्टिकचे, सुटे, आपण चिकटवून बांधायचे. खोक्यावर खवळलेल्या समुद्राचं चित्र. घाटकोपरच्या दोन खोल्यांत चौघं आम्ही. आई म्हणाली, चांगलं आहे, ठेवून दे, परीक्षा होऊ दे. मग दहावी होऊ दे. मग आबाच गेले आणि त्याला हात लावणंच बंद झालं.

विजू स्टुलावर चढून खोका काढायचा आणि कानाशी धरून हलवायचा. खुळखुळ. "ताई, ऐक, हा नांगर. ही तोफ." आवाजावरून भाग ओळखायचा. मलाही हलवायला द्यायचा, पण मला सगळे आवाज सारखेच यायचे. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी "हो रे, नांगरच" म्हणायची.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची आवराआवर. कपाटाचा वरचा कप्पा. खोका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड नाडीने आवळलेलं, आत डांबरगोळ्या. आई गेल्यावर कपाट इकडे अंधेरीला आलं तेव्हापासून दर दिवाळीला जुन्या काढून नव्या टाकते. आई शालूला करायची तसंच. म्हणून तर खोक्याला कसर नाही, झुरळ नाही. मला याचा केवढा अभिमान.

गोळ्या बदलल्या. सहज खोका कानाशी नेला. हलवला.

वाजला नाही.

जोरात हलवला. आत काहीतरी एकच, जड, या टोकाकडून त्या टोकाला सरकलं.

तसाच पिशवीत घालून ठेवून दिला. नव्या गोळ्यांसकट.

१८ ऑक्टोबर, शनिवार

अरुण भाजीला गेला तेव्हा फोनवर शोधलं. डांबरगोळ्या आणि प्लास्टिक. शोधायला लागलंच नाही फारसं. त्या वाफेने असलं प्लास्टिक मऊ पडतं, विरघळतं. कोंडलेल्या जागेत तर नक्कीच. सगळ्या जगाला माहीत आहे.

मग खोका काढला. घर बदलताना सेलोफेनचा एक कोपरा उसवला होताच, उरलेला ब्लेडने कापला.

जहाजाच्या अंगाचे दोन अर्धे एकमेकांत मऊ होऊन पुन्हा कडक झालेत. डोलकाठ्या त्यांत रुतल्यात, वाकड्या. बारक्या तोफा चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारख्या. एका ठिकाणी बोट लावलं तर अजून चिकट. नांगर कुठला ते ओळखू येत नाही.

कागद मात्र करकरीत. सूचनांचं पान कालच छापल्यासारखं. दोराच्या गुंड्या स्वच्छ, कुठे कसर लागलेली नाही. तेवढं काम गोळ्यांनी चोख केलं.

रडू आलं नाही. त्याऐवजी जे केलं ते लिहिते. झाकण लावलं, सेलोफेन ओढून घेतलं, आणि चिकटपट्टी लावली. पातळ, पारदर्शक, कडेला कड जुळवून, कळू नये अशी. शिवणाच्या तासाला मी पहिली यायची.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

विजू आणि नंदा आले. तिने आठवणीने माझ्यासाठी अळूवड्या आणल्या. ओवाळताना विजूने माझा चेहरा शोधला. म्हणजे मान थोडी तिरकी केली. समोर बघितलं की मधलं दिसत नाही, म्हणून कडेने बघतो. मला आधी वाटलं लाजतोय.

जेवणं झाल्यावर म्हणाला, "त्या दिवशी मी उगाच हट्ट केला. तुझं बरोबर आहे. तू जपलंस म्हणून ते आहे. माझ्याकडे असतं तर कधीच वाट लागली असती."

नंदा हसली. "खरंय हो ताई. यांच्याकडे चष्मा टिकत नाही."

मी बडीशेप पुढे केली.

मग तो म्हणाला, "फक्त एकदा हातात दे. बांधणार नाही, उघडणार नाही. हलवून बघतो."

"माळ्यावर टाकलाय रे," मी म्हटलं. "खूप मागे आहे. अरुणच्या पाठीत भरलंय, आत्ता नको."

अरुणच्या पाठीत काही भरलेलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग, देव त्याचं भलं करो, पाठीवर हात ठेवून "आई गं" म्हणाला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

अरुणला सांगितलं. खोका दाखवला. आधी हसला, म्हणाला, "तू जपलेलं लोणचं तरी टिकतं." मग माझ्याकडे बघून हसू आवरलं.

"सांगून टाक त्याला. चिडेल दोन दिवस."

"तो चिडणार नाही, तेच तर..."

खोका पुन्हा कपाटात ठेवला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वेडेपणा केला. त्या लेखाखाली मालाडच्या एका संग्राहकाचा नंबर होता. फोन केला. तेच जहाज, तसाच खोका, त्याच्याकडे आहे! मनात सगळं ठरवूनसुद्धा टाकलं : तो आणायचा, विजूला द्यायचा, बांध म्हणायचं, झालं. कुणाला कळतंय.

तो गृहस्थ म्हणाला, "देईन मॅडम, पण एक अट. बांधायचं नाही. मी जपणाऱ्या माणसालाच देतो. तुम्ही ठेवणार ना नीट?"

माझीच वाक्यं. आवाजसुद्धा तसाच, समजूतदार.

"नाही," म्हटलं. "मला नाही जमत." फोन ठेवला.

आणि दुसरा खोका विजूने हलवला असता, तर त्याला एका झटक्यात कळलं असतं. माझ्यासारखे त्याचे कान नाहीत.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

शाळेत आम्ही येता-जाता सॉरी म्हणायचो. बाकाला धक्का लागला तरी सॉरी सिस्टर. आजही रिक्षावाल्याला, वाण्याला, सगळ्यांना म्हणते. विजूला म्हणायला गेले तर ते बाकाला धक्का लागल्यासारखंच होईल. "चुकलं माझं" असं म्हणायला हवं. तोंडात घोळवून बघितलं. आयुष्यात त्याला हे म्हटल्याचं आठवत नाही. धाकट्याला कोण म्हणतं?

विजूला फोन केला. एवढंच म्हटलं, "रविवारी येते. खोका घेऊन."

पलीकडून : "बांधायला?"

मी "हो" म्हटलं, की उत्तर न देताच फोन ठेवला, आता नक्की आठवत नाही. आठवत नाही असं लिहितेय. "हो" म्हटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

रिक्षाने मुलुंड. खोका मांडीवर. पिशवी आणि गोळ्या घरीच काढून टाकल्या, तरी वास येत होता. रिक्षावाला म्हणाला, "लगीनघाई का मावशी? साड्या काढल्यात?"

विजूच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं. वाकवता येणारा दिवा, भिंग, दोन चिमटे, चिकटवायच्या द्रावणाची बाटली. सगळं नवीन. नंदा म्हणाली, "शुक्रवारपासून आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतोय. टेबलाला हात लावू देत नाहीत."

मी खोका त्याच्या हातात दिला. वाक्य तयार होतं. मी बोलायच्या आत त्याने तो कानाशी नेला. डोळे मिटून. हलवला.

पुन्हा हलवला.

मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. खोका नाकाशी नेला. "आईच्या कपाटाचा वास," म्हणाला.

"डांबरगोळ्या," मी म्हटलं. "मीच घालायची. दरवर्षी. चुकलं माझं, विजू. भाऊबीजेलाही खोटं बोलले, माळ्यावर नव्हता तो."

नंदा आत निघून गेली. विजूने चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. डोळ्यांना दिसली नसती, बोटाला लागली. खोका दिव्याखाली ठेवला, पण झाकण उघडलं नाही. मग नेहमीसारखंच, "चहा घेशील ना?"

घेतला. साखर नव्हती. मागितली नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

फोन नाही. मीही नाही.

अरुण रिमोटवरचं प्लास्टिक काढत होता. काढू दिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी विजूचा फोटो आला. वर्तमानपत्रावर दोराच्या सगळ्या गुंड्या सोडून, सरळ करून, एकाशेजारी एक लावल्यात. जाड, मध्यम, बारीक. कोपऱ्यात तो प्लास्टिकचा गोळा, अर्धाच दिसतोय. त्याच्या बाजूला भाग कापून सोडवायची छोटी करवत आहे की सावली, मोठं करून बघितलं तरी कळेना.

खाली फक्त : "ताई, दोर एकदम छान राहिलेत."

चिडून लिहिलंय, हसून लिहिलंय, की नुसतंच लिहिलंय? आवाज असता तरी मला कळलं असतं का, शंकाच आहे.

फोन करायला हवा. अजून केलेला नाही.