कोऱ्या पाटीचा बडग्या

प्रिय अश्विन,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. विमा कंपनीसुद्धा मला 'प्रिय ग्राहक' म्हणते आणि तिनंही तुझ्यासारखंच कित्येक वर्षांत माझं तोंड पाहिलेलं नाही.

हे पत्र पारशिवनीला तुझ्या ताईकडे नेऊन देणार आहे. सिंधूताई नेहमीप्रमाणे म्हणतील, मले काही माहीत नाही वं बाई, त्याचा फोन नाही, काही नाही. आणि बोलता बोलता माझ्या हातातली पिशवी घेऊन फडताळात ठेवतील. मागच्या हिवाळ्यात दिलेला स्वेटर परत आला नाही, म्हणजे तो पोचला असं मी धरून चालले आहे. तुला बसला की नाही, देव जाणे. फरार माणसाची मापं कोण देणार? तू जाडा झालास की वाळलास, एवढंही मला माहीत नाही.

आमच्या नंदनवन वस्तीत सगळं ठीक आहे. म्हणजे रस्ता खोदलेला आहे, पाणी सकाळी येतं ते कोणी उठायच्या आत जातं, आणि आमच्या मजल्यावरच्या लिफ्टवर 'दुरुस्ती सुरू आहे' अशी पाटी आहे, जी आता लिफ्टपेक्षा जुनी वाटते. मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. पेपरातलं सदर मात्र चालू आहे. दर रविवारी कोणाची ना कोणाची टोपी उडवते. लोक भेटले की म्हणतात, ताई, काय झोंबतं हो तुमचं! आणि घाईनं पुढे जातात. चहाला कोणी बोलावत नाही. विंचवाला चहाला कोण बोलावतं?

परवा एक सिनेमा पाहिला. दुपारचा खेळ, एकटीनंच. मी सिनेमा पाहणं सोडलं होतं हे तुला आठवत असेल; आपण तिघं जायचो तेव्हा तू आणि अमोल मला मध्ये बसवायचात आणि शेंगदाण्याची पुडी माझ्या डोक्यावरून एकमेकांना द्यायचात. तर सिनेमा असा: लहानपणचे दोन जिवलग मित्र. एक पोलीस होतो, दुसरा तस्कर. दोघांचं एकाच मुलीवर प्रेम. तस्कराचा शर्ट नेहमी इस्त्रीचा, पोलिसाची मोटारसायकल कधी पंक्चर होत नाही, आणि मुलीला तीन गाणी आहेत, त्यातली दोन बर्फात. ती काही कामधंदा करत नाही. वारा आला की केस सोडते. शेवटी पुलावर पोलीस तस्करावर गोळी झाडतो, मग त्यालाच मांडीवर घेऊन रडतो, आणि ती पांढऱ्या साडीत लांब उभी राहून पाहत राहते. मी हसत होते. नंतर लक्षात आलं, आपण हसताना जो आवाज यायला हवा तो येत नाहीये.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. उकाड्यातून सुटायला आलेल्या असाव्यात. त्या पहिल्यापासून वैतागलेल्या. पुलावरचा प्रसंग सुरू झाला तशा त्या मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, हे पोरगी नुसती पाहून काहून राहिली वं? दोघायले एका जागी बसव, चार शिव्या दे, जेवाले वाढ! मी म्हटलं, बाई, मग सिनेमा मध्यंतरातच संपेल. त्या म्हणाल्या, संपू दे न मंग, मले बी सैपाक करायचा हाय.

मी सिनेमाला का गेले, ते सांगते. आवडीनं नाही, कामासाठी गेले. पोळा जवळ आलाय. गोलू आठवतो ना, आपल्या गल्लीतला, नाक पुसत आपल्या मागं फिरायचा? तो आता मारबत मंडळाचा अध्यक्ष आहे आणि त्याचं पोट त्याच्याही आधी येतं. आमच्या पेपरचे नवे संपादक पुण्याचे. त्यांना मारबत समजावताना माझा घसा बसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बाईच्या रूपातले दोन मोठाले पुतळे, लोक 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडतात, आणि सोबत बडगे असतात. ज्याच्यावर गावाचा राग त्याचा कागदा-बांबूचा पुतळा, गळ्यात झोंबणारी पाटी, आणि दिवस सरता सरता पुतळ्याची होळी. संपादक म्हणाले, अरे वा, म्हणजे तुमच्याकडे व्यंगचित्र चालतं. मी म्हटलं, आमच्याकडे ते चालतं आणि मग जळतं, तुमच्याकडे नुसतं छापतात.

तर आपल्या गल्लीच्या बडग्याची पाटी मी किती वर्षांपासून लिहिते, तुला ठाऊक आहे. पहिली पाटी तूच माझ्याकडून लिहून घेतली होतीस, नळाच्या पाण्यावर. बांबू तू आणलेस, खळ अमोलनं शिजवली आणि करपवली. यंदा गोलू आला आणि म्हणाला, ताई, यंदा जोडबडग्या हाय. अर्धा खाकी, अर्धा रेतीचोराचा. एकच धड, दोन मुंडकी, हातात हात. त्या पिच्चरवरून आयडिया आली. पाटीवर दोन ओळी द्या न बावा, तुमच्यासारखं झोंबणारं कोणी लिहत नाही.

त्यानं नावं घेतली नाहीत. घ्यायची गरज नव्हती. खाकी मुंडक्याला मिशा काढल्या होत्या, अमोलच्या. रेतीच्या मुंडक्याला डाव्या भुवईवर खूण होती, तुझी. ती खूण तुला पाळणाघराच्या भिंतीवरून पडून झालेली, माझा पतंग काढताना.

आता तुला त्या व्हिडिओबद्दल सांगायला हवं. तुला कोणी सांगितलं नसेल. गेल्या वर्षी मारबतीच्या मिरवणुकीत कोण्या एका बापानं आपल्या लेकराला खांद्यावर घेऊन पिवळ्या मारबतीचं दर्शन घडवलं आणि बायकोनं मोबाइलवर त्याचं चित्रण केलं; ते आता शहरभर फिरतंय. लेकरू गोड आहे, टोपी मोठी झालीये त्याला. पण लेकराच्या मागं तू आहेस. स्कूटीवरच्या पोरींसारखा दुपट्टा तोंडाला गुंडाळून, हातात नारळ आणि खण. वाकलास तेव्हा दुपट्टा सरकला. आणि तुझ्या समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, बंदोबस्ताला अमोल उभा आहे. तो तुला पाहतो. स्वच्छ पाहतो. मग वळतो आणि एका फुगेवाल्यावर शिट्टी फुंकतो. बिचाऱ्या फुगेवाल्यानं काय केलं होतं?

एका मूर्ख माणसाला पकडणं इतकं सोपं कसं असावं, अश्विन? लोक फरार होतात ते नेपाळला जातात. तू वर्षभर कुठंतरी बिळात राहतोस आणि शहरातले सगळे पोलीस जिथं उभे असतात नेमक्या त्या जागी ओटी भरायला येतोस. कारण तू लहानपणी गोवरात जाता जाता राहिलास आणि तुझ्या आईनं, वच्छलाकाकूंनी, पिवळ्या मारबतीला बोलून ठेवलं, पोरगं जगलं तर दर साली ओटी भरीन. काकू गेल्या, नवस तुझ्या गळ्यात पडला. मला हसू येत नाही, असं नाही. पण दुसऱ्या कोणाचा नवस इतक्या इमानानं पाळणारा माणूस खाप्याच्या रेतीघाटावर टिप्पर न थांबवता निघून कसा गेला, हे मला अजून जुळवता येत नाही.

लहानूचं तुला कोणी सांगत नसेल, म्हणून मी सांगते. सरकारी माणूस म्हणायचा तर तो साधा कोतवाल, तलाठ्याच्या मागं फिरणारा. हातात शिट्टीसुद्धा नव्हती. नुसता हात आडवा केला होता त्यानं तुझ्या टिप्परला. त्याचा पाय गुडघ्याखाली नाही. मी भेटून आले. घरापुढं खुर्ची टाकून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतो. मला म्हणाला, ताई, त्यानं परत येऊन पाह्यलं असतं न, तं मी कदाचित तक्रारबी केली नसती. स्टेअरिंगवर कोण होतं हे मी तुला विचारणार नाही. ड्रायव्हर आत आहे आणि तू बाहेर, एवढं मला पुरे.

तुझा पहिला टिप्पर आठवतो? हार घालून तू तो थेट आमच्या फाटकासमोर आणलास, मला वर चढवलंस आणि कन्हान नदीवर नेलंस. पाणी घोट्याएवढं होतं, थंड. मी विचारलं, ही रेती कोणाची? तू म्हणालास, कोणाच्या बापाची हाय काय? आणि मग, आता आपलं घर बांधू, याच रेतीचं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या दिवशी परत येताना माझ्या चपलांत रेती होती आणि ती मी कितीतरी दिवस झटकली नव्हती. मग एकाचे दोन झाले, दोनाचे किती ते तुलाही आठवत नसेल, आणि घराचं काही निघालं नाही. अमोलनं तुला तेव्हाच सांगितलं होतं, मी आता ठाण्यात आहे, माझ्या हद्दीत गाडी आणू नको बावा. तू हसून त्याच्या टोपीवर टिचकी मारलीस. तुम्ही दोघं तेव्हाही एकमेकांकडे पाहून हसायचात, आणि मी तेव्हाही मध्ये बसलेली होते.

अमोलची चौकशी सुरू आहे. ठाण्यातून काढून नियंत्रण कक्षात टाकलंय, फोन उचलायला. निलंबन होईल म्हणतात, कदाचित त्याहून वाईट. मी त्याच्याकडे गेले होते. आपला तो, बोलायचं असलं की सायकलची चेन साफ करायचा, आता तर घरात सायकलही नाही. कुंडीतली माती उकरत बसला. उकरता उकरता म्हणाला, मले माहीत होतं का तो येईल. म्हणून तर ती ड्युटी मागून घेतली, म्हटलं मीच धरीन, दुसऱ्यानं धरलं तं मारतील त्याले. अन् मंग मान आपोआप फिरली वं. त्याची दीप्ती आतून म्हणाली, ह्यायले जेवण जाऊन नाही राहिलं, तुम्हीच काही सांगा ताई. त्यांची लेक वैभवी बारावीला आहे. वर्गातली पोरं तिला तो व्हिडिओ दाखवतात.

घरी आले. पाटीचा पुठ्ठा गोलूनं ठेवून दिला होता, पांढरा रंग लावलेला. मी ब्रश घेऊन बसले. ओळी आल्या, त्या काय, सवयीनं येतातच. चांगल्या आल्या, लोकांनी टाळ्या पिटल्या असत्या. मी लिहिल्या नाहीत. त्या पुठ्ठ्यासमोर बसून माझ्या मनात आलं की मारबतीत आजवर सगळ्यांचे बडगे निघाले, महागाईचे, डासांचे, पुढाऱ्यांचे, पण रोज एक वाटी वरण लावून त्यातलं अर्धं सकाळसाठी ठेवणाऱ्या बाईचा कोणी काढला नाही. तिला उचलायला चार माणसं लागतात, आणि तीच तर नसतात. असो. हे सदरात लिहिण्यासारखं नाही.

तर आता ऐक. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. यंदा मारबतीला येऊ नकोस. तो व्हिडिओ सगळ्या ठाण्यांनी पाहिलाय, पिवळ्या मारबतीच्या भोवती यंदा साध्या कपड्यांत कोण कोण उभं असेल हे अमोललाही माहीत नाही, आणि त्यांच्यात कोणाचीही मान आपोआप फिरणार नाही. काकूंची ओटी मी भरीन. खण आणून ठेवलाय, हिरवा, त्यांना आवडायचा तसा. तू एक दिवस आधी ये, पोळ्याला. दिवसाउजेडी ये, दुपट्टा न बांधता, अमोलच्या घरी. मी तिथं असेन. अमोलला मी काही सांगितलेलं नाही. दीप्तीला फक्त एवढंच म्हटलं की पुरणपोळ्या जास्तीच्या कर, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डाळ वाढवून भिजवते म्हणाली. मी तुम्हा दोघांना एका जागी बसवीन, चार शिव्या देईन आणि जेवायला वाढीन. मग तुम्ही दोघं ठाण्यात चालत जा. त्यानं तुला आणलं असं लिहिलं जाईल, लहानूला जे सांगायचं ते तू कोर्टात सांगशील, आणि गोलूला दुसरा बडग्या करावा लागेल. खड्ड्यांचा करेल, नंदनवनात मालाला तोटा नाही. सिनेमातली ती मुलगी म्हणाली असती, पळून जा. मी पन्नाशीला आलेय रे, मला पळणारी माणसं पुरे झाली. तू आत गेलास तर मुलाखतीच्या दिवशी रांगेत उभी राहीन, डबा तपासून घेईन, शिपायाशी भांडेन. आणि पुढच्या वेळी पाकिटावर तुझं नाव आणि पत्ता, दोन्ही लिहीन. कित्येक वर्षांत तुझा पत्ता म्हणून लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पुठ्ठा कोराच ठेवलाय.

तुझीच, आणि हे ठाण्यातही सांगायला हरकत नाही,
कामिनी