डावा कौल

मिरजोळे, रत्नागिरी
शनिवार, ता. ९ नोव्हेंबर २०२४

चि. नितेश यास मालनताईचे अनेक आशीर्वाद.

मी आणि आप्पा, दोघं बरी आहोत. तू, नेत्रा, वेदिका, सगळी बरी असाल. दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या, असं वेदिकाने फोन करून सांगितलं. आत्याची आठवण ठेवते, पोर गुणाची आहे. तुझ्याकडे पाहुण्यांसाठी वायफाय असतं आणि ताईचा फोन आला की रेंज जाते, म्हणून हे पत्र. 'गिऱ्हाईक आलंय, मागाहून बोलतो' असं पत्राला सांगता येत नाही.

लकव्याने गेलेला आपल्या आप्पांचा उजवा हात तसाच आहे. धरून चालवलं तर ओटीपर्यंत येतात. बोलणं तुटक, पण मला कळतं. तांडेल होते तेव्हा बोटीवरच्या खलाशांवर ओरडायचे, आता आमटीत मीठ कमी पडलं की माझ्यावर. सकाळी त्यांचं अंग पुसून, पेज भरवून मी कामावर जाते. दिवसभर शेजारच्या भागूबाई बघतात, संध्याकाळी पुन्हा मी. सहा वर्षं झाली. दमले रे मी. हे तुला फोनवर कधी म्हटलं नव्हतं.

कामाचं सांगायचं तर तटरक्षक दलाच्या तळावर स्टोअरकीपर लागले, ती आजही स्टोअरकीपरच. गावात तुम्ही सांगता, 'आमची ताई कोस्टगार्डात आहे.' लोकांना वाटतं, मी बोटीवर बंदूक घेऊन उभी असते. आम्ही सिव्हिलियन. दोरखंड, रंगाचे डबे, लाइफ जॅकेट द्यायची आणि परत घ्यायची. वर्दीतले साहेब येतात, दोन-तीन वर्षांत बदलून जातात, आणि जाताना हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही ट्रेनिंग का नाही केलंत?" वरच्या जागेवर चढायचं तर कोचीला जाऊन ट्रेनिंग करावं लागतं. अक्षया माझ्या मागून नोकरीला लागली. काम मीच तिला दाखवलं. ती ट्रेनिंग करून आली, आता माझ्या रजेच्या अर्जावर तिची सही लागते. ताई ताई करते, कधी अडवत नाही. तरी ती सही करेपर्यंत तिच्या टेबलासमोर उभं राहायचं मला जड जातं.

यंदा माझं नाव पुन्हा आलं आहे. तीन महिने कोची. पन्नाशी झाली की पाठवत नाहीत, आणि फेब्रुवारीत मला पन्नास पुरी होतील. म्हणजे ही शेवटचीच संधी. साहेबांकडून विचार करायला मी थोडा वेळ मागून घेतला.

मागच्या वेळी नाव आलं तेव्हा आप्पा नुकतेच इस्पितळातून आले होते. मी तुला म्हटलं, तेवढे दिवस त्यांना गावी ने. तू म्हणालास, देवीला विचारू. मग तुझा फोन आला, डावा पडला ताई, देवी नको म्हणते. मी नकार लिहून दिला. देवीवर राग धरला नाही, तुझ्यावर तर नाहीच.

आता इतका वेळ टाळत होते ते लिहिते. बुधवारी मी आंजर्ल्याला येऊन गेले. रजा घेतली, दापोलीला गाडी बदलली, देवळाशी उतरले आणि घरी न येता परत फिरले. नेत्राला सांग, राग मानू नको. तिने चहा पुढे केला असता तर माझा सगळा धीर गेला असता.

महिपत गुरवाला म्हटलं, सहा वर्षांपूर्वी माझ्यासाठी कौल लावला होतास, तसाच आज लाव. त्याने हातातला नारळ खाली ठेवला.

"ना बाय. नितेश कवा आला? तुज्या नावाचा कौल मी कवाच लावला नाय."

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हातारा देवीसमोर उभा राहून खोटं कशाला बोलेल? नितेश, आप्पा तुला तेव्हा झेपणार नव्हते, तर तसं सांगायचंस. मी भांडले असते, रडले असते, आणि शेवटी राहिलेही असते. मी काही नवीन आहे का तुला? देवीला मध्ये घालायची काय गरज होती? ते मला फार लागलं.

तरी महिपतला म्हटलं, आता लाव. त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग डावीकडचं फूल पडलं. खरंच पडलं, माझ्या डोळ्यांदेखत. महिपतलाच वाईट वाटलं. म्हणाला, पुन्हा लावू काय? मी नको म्हटलं.

गाडीत बसल्यावर मनात आलं, तुला कळवावं की उजवा पडला. कोण विचारायला जाणार होतं? पण माझ्याच्याने ते होईना. देवी नको म्हणाली आहे, आणि मी जाते आहे. काल साहेबांना होकार देऊन आले. या तीन महिन्यांत आप्पांना काही झालं तर गाव म्हणेल, मालनने कौल मोडला. तूही म्हणशील. म्हणून माझ्याकडूनच तुला आधी कळवते.

आप्पांना काल नखं कापताना कोचीचं आणि बुधवारच्या कौलाचं सांगितलं. तुझं सांगितलेलं नाही. ते आपल्या दोघांत राहू दे. त्यांनी एवढंच विचारलं, "डावा?" मी म्हटलं, डावा. पाचही बोटांची नखं कापून झाली. मग म्हणाले,

"माजी गोधडी बांध."

सतरा तारखेला, रविवारी, त्यांना घेऊन येते. शेजारच्या सूरजची गाडी सांगितली आहे. मासे दे, पण काटे काढून, आणि घास डाव्या गालात दे. गोळ्या नेत्राला समजावीन. दाढी वेदिकाकडून करून घेऊ नको, तू स्वतः कर. त्यांना ते आवडेल. समुद्राकडची खोली गिऱ्हाइकांना देऊ नको, तीन महिने ती आप्पांची.

गाडी परत निघेल तेव्हा तिच्यात मी एकटी असेन. तू घरी थांब. नसलास, तरी आप्पांना ओटीवर बसवून मी निघणार आहे.

तुझ्यावर अजून माया असलेली,
मालनताई