तामलवाडीला, भाड्याच्या गाडीनं

१ डिसेंबर, सोमवार
घेतली एकदाची. विकत नाही, भाड्यानं, महिन्याच्या बोलीवर. पांढरी स्कूटर, बॅटरीची. शबानाच्या दुकानातून, तुळजापुरातच, स्टँडमागच्या गल्लीत. आधारची झेरॉक्स, डिपॉझिट, भाडं आगाऊ. बॅटरी बिघडली तर ती बघणार, पंक्चर माझ्याकडं. चार्जर असा जड की पिशवीचा बंद तुटतो का काय.
शबाना : "मॅडम, घाट चढताना लई पिळू नका. आरामात चालवा, आरामात पोचवती."
पन्नाशीला आल्यावर कॉलेजच्या मैदानावर शिकले. लॅबमधल्या पोरी खिडकीतून बघत होत्या. बघू देत.
हे सगळं अप्पांसाठी. तामलवाडीला शेतात एकटे, नजर जवळजवळ गेलेली. राजू पुण्याहून म्हणतो, संक्रांतीला येतो, घेऊन जातो. अप्पा म्हणतात न्हाय. भाऊ इकडं, बाप तिकडं, मधे मी. म्हटलं, एक महिना दे. रोज सकाळी जाईन, त्यांचं आवरून कॉलेजच्या वेळेला परत. एसटी फाट्यावर सोडते, पुढं पायी, आणि परतीची कधी येईल ते तिचं तिला माहीत.

२ डिसेंबर, मंगळवार
पहिली खेप. घाट उतरताना खाली सगळं धुकं. गाडीला आवाजच नाही. आपण चालवतोय असं वाटेना, कुणीतरी अलगद खाली सोडतंय तसं. उतारावर बॅटरीचा काटा हललाही नाही.
अप्पा दारात बसलेले. पार जवळ गेले तरी त्यांना पत्ता नाही. मग एकदम, "कोन हाय?"
गाडीवरून हात फिरवला. हँडल, सीट, पुढचा दिवा. बाजारात बैल बघावा तसा. "हिला चारतीस काय?"
"लाईट, अप्पा."
लई हसले.
पण चार्जरची पिन मोठी, अप्पांच्या घरात सॉकेटं सगळी बारकी. तशीच निघाले. चढानं बॅटरी खाल्ली. शेवटच्या वळणावर गाडी माणसाच्या चालीनं. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बराच वेळ माझ्या सोबतीनं. बरं वाटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
अप्पांकडं वायरमन येऊन मोठं सॉकेट बसवून गेला. वायर नवी ओढावी लागली. भाडं, सॉकेट, अप्पांचं लाईटबिल वाढेल ते, असं सगळं धरलं तर एसटी कितीतरी स्वस्त. पण एसटीला, जरा थांब, हे धुकं बघू दे, असं म्हणता येत नाही.

७ डिसेंबर, रविवार
सुट्टी. अप्पांना मागं बसवलं. बांधाबांधानं, अगदी सावकाश. दोन्ही हात माझ्या खांद्यावर. लहानपणी मी त्यांच्या सायकलवर पुढं नळीवर बसायची, टॉवेल गुंडाळून.
ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. पानांची सळसळ, लांब कुठंतरी पंप, बाकी काही नाही. अप्पा सांगत होते : "हितं हरभरा लागला. पाल्याची आंबट आंब आली बघ वासाला." "आता वगळ ईल, गार लागंल." ओढा आला. गार लागलं. मलाच डोळे मिटावेसे वाटले.
खुशीत आले की कन्नड येतं त्यांना. "नडी, नडी!" चल, चल.
मग म्हणाले, "आता बाभळीची सावली."
बाभळ तोडून वर्षं झाली. सांगावं का नको... सांगितलं.
"ठाव हाय मला," म्हणाले. "मला दिसती, ऱ्हाऊ दे."

१२ डिसेंबर, शुक्रवार
अप्पांकडं लाईट गेली ती आलीच नाही. काल घरी चार्जिंगला लावायची विसरले होते, इथल्या भरवशावर आले. अडकले. शबानाला फोन केला तर म्हणाली, टेम्पो पाठवते, पण त्याचं भाडं वेगळं. नको म्हटलं. कॉलेजला रजा टाकली, या महिन्यातली दुसरी. साहेब फोनवर नुसते "हं" म्हणाले.
दिवसभर अप्पांजवळ. उन्हात बाजेवर पडून राहिले. तुरीवर फुलपाखरं. किती वर्षांनी अशी दुपार. कसली काळजी करत होते तेच आठवेना.

२० डिसेंबर, शनिवार
राजूचा फोन. "अक्का, भाड्याच्या गाडीवर बाप सांभाळणार का तू? उद्या पाय मोडला तुझा, मग?"
मी चिडले. तू वर्षात किती येतोस ते सांग म्हटलं.
मग हळू म्हणाला, "मला झोप लागत नाही, अक्का. ते विहिरीकडं गेले तर?"
फोन ठेवल्यावर आठवलं, लहानपणी अप्पा शेतातून यायला उशीर झाला की रडायचा तो, मी नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार
फाट्यावरून आत वळले तर अप्पा रस्त्याच्या मधोमध. एकटे. मागं हायवेवर ट्रक. एक हात पुढं धरलेला, पाऊस लागतोय का बघावं तसा.
"अप्पा! हितं कसे आलात?"
"तुज्या गाडीचा आवाज येत न्हाय. म्हून म्होरं आलो."
शाल नीट घेतलेली, केस विंचरलेले.
रागावताही येईना. हायवे दोन हातांवर होता. मागं बसवलं, घरी आणलं, चहा केला. राजूला कळवलं नाही. मग कळवलं. तो ओरडला नाही, तेच जास्त लागलं.

३१ डिसेंबर, बुधवार
महिना संपला. शबाना म्हणाली, तीन महिन्यांचं एकदम घेतलं तर भाडं कमी लावते. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "घाई नाही मॅडम. सध्या आठवडा धरू?"
आठवडा धरला.

४ जानेवारी, रविवार
अप्पांना पुन्हा फिरवलं. ज्वारी आता कणसाला आलीय. पाखरांचे थवेच्या थवे, आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत उठत नव्हते. उठले की वारा अंगावर. अप्पांनी मान वर केली, दिसत असल्यासारखी.
आज नडी म्हणाले नाहीत. हळू घे, म्हणाले.
मी मनात वाक्य जुळवत होते. राजूकडं थोडे दिवस जाऊन बघा, किंवा मीच इथं राहायला येते, नोकरीचं बघू. दोन्ही वाक्यं ओठापर्यंत येऊन परत.
विहिरीच्या वळणावर अप्पाच बोलले.
"सुमे, अशी गाडी पुन्यात मिळती का गं, भाड्यानं?"
स्वतःसाठी विचारलं की मला मोकळी करायला, कळलं नाही. आरशात बघितलं तर डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन. 
बॅटरी अजून बरीच होती. हरभऱ्याच्या बाजूनं आणखी एक फेरी घेतली.